त्रेचाळीस आमीन

26 फेब्रुवारी 2024 चा सोमवार आमच्या शहागडात पुष्कळांच्या लक्षात आहे. जवळच्या अंतरवाली सराटीतील आंदोलनाला त्या दोन दिवसांत वेगळेच वळण लागले होते. अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत मोबाईलचे इंटरनेट बंद करण्यात आले. दुकान उघडायचे नव्हते, चौकात जायचे नव्हते. आणि हातातल्या फोनमध्ये वेळ सांगण्यापलीकडे काही उरले नव्हते.

आम्ही म्हणजे किराणा दुकान चालवणारे एक नवरा-बायको. घरात अब्बा आहेत, थोरला मुलगा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आठ वर्षांचा धाकटा. त्या दिवशी सकाळपासून सगळे फोन हातात घेऊन घरभर फिरत होते. कुणी गच्चीवर जाऊन पाहिले, कुणी फोन बंद करून चालू केला. धाकट्याचा गेम चालेना, तेव्हा तो कंटाळून गल्लीतच दोन घरे सोडून राहणाऱ्या खालांकडे खेळायला गेला. खालांची दहा वर्षांची नात त्याच्याबरोबर खेळते. अर्ध्या तासात तो पळत आला आणि म्हणाला, "अम्मी, खालांचा हात पांढरा झालाय."

खाला न्हाणीत घसरून पडल्या होत्या. मनगट मोडले होते, कोपरापर्यंत प्लास्टर होते. ही गोष्ट कालची नव्हती, आठ दिवसांपूर्वीची होती. आणि खरे सांगायचे तर ती आम्हाला माहीत होती. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत कामाला आहे, सून तिकडेच असते. त्याने आमच्या जमातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले होते की अम्मी पडल्या आहेत, दुआची दरख्वास्त आहे. आम्ही दोघांनीही 'आमीन' लिहिले होते. एकाने तर दुआला उचललेल्या हातांचे चित्रही जोडले होते. कोणी ते विचारू नका.

आम्ही खालांकडे गेलो. जाताना काय न्यावे हेही सुचेना. घरात होती ती खिचडी डब्यात भरली आणि निघालो. खाला पलंगावर बसून डाव्या हाताने तांदूळ निवडत होत्या. आम्ही शरमून म्हणालो, "खाला, ग्रुपवर वाचलं होतं, पण यायचं राहून गेलं." त्या हसल्या. "आमीन बहुत आये बेटा," त्या म्हणाल्या, "आया सो रिक्षावाला."

रिक्षावाला म्हणजे त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारा आमचा हिंदू शेजारी. तो आमच्या ग्रुपवर नाही, कारण ग्रुप मशिदीच्या जमातीचा आहे. त्याने भिंतीपलीकडून खालांची हाक ऐकली, त्यांना रिक्षात बसवले, प्लास्टर होईपर्यंत थांबला आणि घरी आणून सोडले. भाडे घेतले नाही. त्याच्या बायकोने आठ दिवस दोन्ही वेळच्या भाकरी पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी इंटरनेट आले. आम्ही पहिल्यांदा काय केले असेल, तर तो जुना संदेश शोधून काढला आणि खाली आलेले आमीन मोजले. 43 होते. त्यातले निम्म्याहून अधिक आमच्याच दोन गल्ल्यांतले होते.

आता कुणी म्हणेल, दुआ करणे वाईट आहे का? मुळीच नाही. गैरहजर भावासाठी केलेल्या दुआचे मोठे मोल आपल्या दीनमध्ये सांगितले आहे. पण आम्ही स्वतःला विचारले, की 'आमीन' हा शब्द टाइप करताना आपण खरेच दुआ केली होती का? आम्हाला आठवते ते एवढेच, की वरच्या संदेशात कापसाचा भाव होता आणि खालच्या संदेशात कुणाच्या तरी वलीम्याचे फोटो होते. मधल्या संदेशावर अंगठा थांबला आणि पुढे गेला. वाईट याचे वाटले, की तो शब्द लिहून झाल्यावर आमच्या मनाला काम झाल्यासारखे वाटले होते. तो लिहिला नसता तर कदाचित टोचणी राहिली असती आणि पायात चपला घालून आम्ही गेलो असतो.

सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका मुसलमानाचे दुसऱ्यावर सहा हक्क सांगितले आहेत. भेटल्यावर सलाम करणे, बोलावल्यास जाणे, सल्ला मागितल्यास खरा सल्ला देणे, शिंकून अल्लाहची स्तुती करणाऱ्याला दुआ देणे, आजारी पडल्यास भेटीला जाणे आणि मृत्यूनंतर जनाजामागे चालणे. त्या रात्री जेवताना आमच्या मुलीने हे सहा हक्क बोटांवर मोजले. सलाम फोनवर होतो. सल्लाही होतो. दावतीला मात्र स्वतः जावे लागते. शिंकेचे काय करायचे यावर घरात थोडा हशा झाला. शेवटच्या दोन हक्कांशी आल्यावर कुणी हसले नाही. त्या दोन्हींसाठी पाय लागतात. आणि शेजाऱ्याचा हक्क तर धर्म पाहून ठरत नाही. प्रेषितांनी (स.) आपली सेवा करणाऱ्या एका यहुदी मुलाच्या आजारपणात त्याच्या घरी जाऊन विचारपूस केल्याचे बुखारीत आले आहे. आमच्या रिक्षावाल्याने ते वाचलेले नसेल, पण गल्लीत त्यावर अमल केला तो त्यानेच.

रमजान पंधरा दिवसांवर आला होता. चंद्र दिसला की घरातून सोशल मीडिया बंद करायचा, असे आम्ही ठरवले. मुलाला वाटले की ही अब्बा-अम्मीची चार दिवसांची हौस आहे. ते वाटणे अगदीच चुकीचे नव्हते, कारण 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सहा-एक तास बंद पडले होते, तेव्हाही आम्ही 'किती शांत वाटतंय' असे म्हणालो होतो आणि सकाळी उठून पुन्हा तेच सुरू केले होते.

12 मार्चला पहिला रोजा होता. आदल्या संध्याकाळी फेसबुक आणि इन्स्टाग्राम फोनमधून काढले. व्हॉट्सॲप पूर्ण काढता येईना. दुकानाच्या ऑर्डरी त्यावर येतात, शाळेचे निरोप त्यावर येतात. म्हणून ते एकाच फोनवर ठेवले आणि तो फोन दुकानातच ठेवायचा असे ठरले. बाकी ग्रुप सोडले. घरातल्या सगळ्यांचे मिळून 27 ग्रुप निघाले. त्यात एका लग्नाचा ग्रुप असा होता, की त्या जोडप्याचे मूल आता बालवाडीत जाते.

ग्रुप सोडणे हे अकाउंट बंद करण्यापेक्षा फार अवघड निघाले. दोन दिवसांत एका नातेवाइकांचा फोन आला, "ग्रुप सोडला म्हणजे नातं सोडलं समजायचं का?" आम्ही समजावले, पण त्यांचा आवाज काही सैल झाला नाही. दुसऱ्या एका भाभींनी विचारले की आमचे कुणाशी बिनसले आहे काय. ज्या ग्रुपवर सहा महिने आम्ही एक शब्द लिहिला नव्हता, तिथून गेल्यावर मात्र आमची आठवण झाली. हसावे की रडावे कळेना.

पहिला आठवडा वाईट गेला. हात आपोआप खिशाकडे जायचा. इफ्तारचे ताट मांडले की मुलीला फोटो काढावासा वाटे आणि मग दाखवायचा कुणाला हा प्रश्न पडे. मुलगा चिडचिडा झाला. अब्बांना मात्र काही फरक पडला नाही, त्यांचा फोन बटणांचा आहे.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे एक गाव आहे. तिथे 15 ऑगस्ट 2022 पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास गावातले टीव्ही व मोबाईल बंद राहतात. मुले अभ्यास करतात, मोठी माणसे बोलत बसतात. कुणावर दंड नाही, गावाने ठरवले म्हणून चालते. वर्तमानपत्रांत त्याचे खूप कौतुक झाले. त्या बातम्या वाचताना आम्हाला एवढीच गंमत वाटली, की असा भोंगा आपल्याकडे तर दिवसातून पाच वेळा वाजतो. मगरिबच्या अजानपासून इशाच्या अजानपर्यंत साधारण सव्वा तास मिळतो. तेवढा वेळ उरलेला फोनही कपाटात, असा नियम आम्ही केला. इफ्तारनंतर त्या वेळात धाकटा अब्बांजवळ बसू लागला. अब्बा त्याला 2006 च्या पुराची गोष्ट सांगत, जायकवाडीतून पाणी सुटले आणि गोदावरी कशी चढत आली, ही बातमी गावात माणसांनी पळत येऊन कशी दिली. ही गोष्ट घरात याआधी कुणी पूर्ण ऐकलीच नव्हती, कारण मध्येच कुणाचा तरी फोन वाजायचा.

अमेरिकेत 2018 साली स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क विद्यापीठांतील अर्थतज्ज्ञांनी याच गोष्टीची मोठी चाचणी घेतली होती. सुमारे 2,700 लोक निवडले आणि त्यांतल्या काहींना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांचा रोजचा जवळजवळ एक तास वाचला, घरच्यांशी व मित्रांशी भेटीगाठी वाढल्या, मनाला थोडे बरे वाटले. 'थोडे' हा शब्द महत्त्वाचा आहे, चमत्कार काही झाला नाही. आणि एक तोटाही दिसला, त्यांना जगातल्या बातम्या कमी कळू लागल्या.

तो तोटा आम्हीही भोगला, आणि तो लहान नव्हता. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात नदीपलीकडे गेवराईला आमच्या नात्यातल्या एका मामूंचे निधन झाले. खबर ग्रुपवर टाकली गेली आणि सगळ्यांना कळवले असे घरच्यांनी समजून घेतले. आम्हाला कळले तेव्हा मिट्टी होऊन गेली होती. सहा हक्कांची मोजणी करणारे आम्ही, त्यातला शेवटचा हक्क आमच्याकडून राहिला आणि तो सोशल मीडिया सोडल्यामुळे राहिला. मामीजानसमोर जाऊन बसलो तेव्हा बोलायला तोंड नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्हाला वेगळा फोन करायला हवा होता, आमच्या ध्यानात आलं नाही." चूक कुणाची, याचा आम्ही अजून निवाडा करू शकलेलो नाही. त्यानंतर आम्ही जवळच्या तीस-पस्तीस घरांना स्वतः फोन करून सांगितले की आमच्यासाठी साधा कॉल करा, रात्री-अपरात्री करा. त्यातल्या बहुतेकांनी आमचा आवाज ऐकताच पहिला प्रश्न विचारला, "काय झालं? सगळे ठीक आहेत ना?" खुशाली विचारायला कुणी फोन करतो हे आता लोकांच्या ध्यानातच येत नाही.

या अनुभवातली सर्वांत अवघड बाजू आमच्या मुलीची होती. इन्स्टाग्रामवर ती मेहंदीची चित्रे टाकायची आणि तिथे तिचे 612 फॉलोअर होते. त्यांना ती मैत्रिणी म्हणायची आणि आम्ही त्यावर हसायचो. अकाउंट बंद करण्याआधी तिने त्यांतल्या नऊ मुलींना घरचा नंबर दिला. नंबर द्यावा की नाही यावर आमचा वाद झाला होता, कारण मुलीच्या नावाने खोटे खाते काढून बसलेल्या माणसांच्या गोष्टी आपण सगळेच ऐकतो. शेवटी असे ठरले, की आधी आईने आईशी बोलायचे. नवांपैकी तिघींचे फोन आले. दोघींचे बोलणे एक-दोनदा होऊन थांबले. तिसरी सोलापूरची होती. ती फोन करतच राहिली.

इंग्लंडचे मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी 1990 च्या दशकात असे मांडले, की माणसाच्या मेंदूला साधारण दीडशे माणसांशी खरी ओळख सांभाळता येते. त्यातही अगदी जिवाची माणसे पाचच्या आसपास आणि जवळची पंधरा. फेसबुक 5,000 मित्र करू देते, व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये 1,024 माणसे बसतात. 612 पैकी एक, हा आमच्या मुलीचा हिशेब ऐकून मुलगा तिला चिडवू लागला. अब्बांनी त्याला थांबवले. त्यांनी आपल्या पेटीतून पोस्टकार्डांचा एक गठ्ठा काढला, 15 पैशांची कार्डे, शाईने लिहिलेली. तरुणपणी एका मासिकातल्या पत्रमैत्रीच्या पानावरून त्यांची मालेगावच्या एका यंत्रमाग कामगाराशी ओळख झाली होती. अठरा वर्षे पत्रे चालली. भेट आयुष्यात एकदाच झाली, तीही अब्बांच्या आजारपणात, जेव्हा तो माणूस दोन एसट्या बदलून शहागडला आला आणि रात्रभर त्यांच्या उशाशी बसला. "त्यालाही मी आधी पाहिलेलं नव्हतं," अब्बा म्हणाले.

तेव्हा आमच्याही डोक्यात प्रकाश पडला. न पाहिलेल्या माणसाशी मैत्री होऊच शकत नाही असे आम्ही समजत होतो, ते चूक होते. मदीनेत मुहाजिर आणि अन्सार यांच्यात प्रेषितांनी (स.) बंधुभाव जोडून दिला, तेव्हा ती माणसे तरी एकमेकांना कुठे ओळखत होती? हजरत सअद बिन रबी (रजि.) यांनी मक्केहून आलेल्या हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपली अर्धी मालमत्ता देऊ केली, आणि त्यांनी ती न घेता बाजाराचा रस्ता तेवढा विचारला. ओळख नवी होती, पण एकाने देऊ केले ते खरे होते आणि दुसऱ्याने नाकारले तेही खरे होते. आमच्या ग्रुपवर जे 43 जण होते ते तर खालांना जन्मापासून ओळखत होते. आम्हीही ओळखत होतो.

ईद 11 एप्रिलला झाली. त्यानंतर महिन्याभराने सोलापूरच्या त्या मुलीच्या आईचा फोन आला. त्यांना छत्रपती संभाजीनगरला नातेवाइकांकडे जायचे होते आणि एसटी शहागडवरूनच जाते. मध्ये उतरले तर चालेल का, असे त्यांनी विचारले. आम्ही चालेल म्हणालो आणि घरात धावपळ उडाली. आमच्या मुलीने तीनदा ओढणी बदलली.

दोन्ही मुली समोरासमोर आल्या आणि गप्प झाल्या. खरेच, पाच-सात मिनिटे एक शब्द नाही. फोनवर तासभर बोलणाऱ्या या मुली पायांच्या बोटांकडे पाहत बसल्या. आम्हा मोठ्यांनाच अवघडल्यासारखे झाले, म्हणून चहाच्या निमित्ताने आत गेलो. बाहेर आलो तेव्हा पाहुण्या मुलीने पर्समधून मेहंदीचा कोन काढला होता आणि आमच्या मुलीचा तळहात मांडीवर घेतला होता. त्या मुलीला एका कानाने कमी ऐकू येते हे आम्हाला त्या दिवशी कळले. आमच्या मुलीला ते वर्षभरापासून माहीत होते. म्हणूनच ती फोनवर इतक्या मोठ्याने बोलायची आणि आम्ही तिला रागवायचो.

मुलीने पुढे इन्स्टाग्राम पुन्हा सुरू केले आहे, हेही सांगून टाकतो. मेहंदीच्या ऑर्डरी त्यावर मिळतात. पण आता ती त्यांना गिऱ्हाईक म्हणते, मैत्रिणी म्हणत नाही. मुलगा क्रिकेटचा एक ग्रुप धरून आहे. आम्ही दोघे जमातीच्या ग्रुपवर परत गेलो, गेवराईनंतर तसे करणे भाग होते. तिथे आता एक पद्धत पडली आहे, ती कुणी ठरवली ठाऊक नाही. आजारपणाची खबर आली की खाली कुणी तरी लिहितो, 'मी असरनंतर जातोय, कोण येतंय?' दोघे-तिघे निघतात. आमीन लिहिणारे अजूनही जास्तच असतात. रिक्षावाल्या शेजाऱ्यालाही ग्रुपवर घ्यावे असे एकाने सुचवले, तर तो हात जोडून म्हणाला की त्याला आधीच पुष्कळ ग्रुप आहेत.

खालांचे प्लास्टर रमजानच्या मध्यावरच निघाले होते. मनगट थोडे वाकडे जुळले आहे, पण तांदूळ निवडता येतात. त्यांचा जुना फोन नीट ऐकू येत नाही म्हणून पुण्याचा मुलगा आता दर रविवारी मगरिबच्या आधी दुकानातल्या फोनवर कॉल करतो. आधी आमची खुशाली विचारतो, मग म्हणतो, "भाईजान, जरा अम्मीला देता?" मग आमच्यापैकी कुणी तरी दुकान सोडून तो फोन घेऊन दोन घरे चालत जातो, आणि त्यांचे बोलणे होईपर्यंत उंबऱ्यावर बसतो.